टेकवलेला भार

बुधीच्या तोंडी लागू नये, हे चौक गावच्या रस्त्यापासून माथेरानच्या कड्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा जंगलखात्याच्या गार्डानं तिच्याकडं कोयता मागितला, तर तिनं तो पुढं केला आणि म्हणाली, "घे की. फकस्त धारेकडून धर." गार्ड निमूट निघून गेला. वाडीतली माणसं तिला तोंडावर बुधीआय म्हणत आणि पाठीमागं काय म्हणत, ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण बाई काही जन्मतःच खाष्ट नसते हो. तिला खाष्ट करायला माणसं लागतात, आणि बुधीच्या बाबतीत ते पुण्य आबाजी मुकादमाच्या पदरी होतं.

बुधी ठाकरांची. माहेर तिकडं घाटातल्या ठाकुरवाडीचं, जिथं आगगाडीलासुद्धा चढताना धाप लागते. लग्न होऊन ती आली उंबरवाडीत. चौकहून माथेरानला चढणारी जी जुनी पायवाट, तिच्यावर, डोंगराच्या खांद्यावर ही उंबरवाडी. कुडाची थोडी घरं, उतारावर नाचणी-वरीच्या दळ्या, म्हणजे फॉरेस्टनं कसायला दिलेले रानाचे तुकडे, आणि बाकी सगळं रान. तिच्याखाली एक ओहळ, आणि ओहळापलीकडं पळसवाडी. तीही ठाकरांचीच.

वाडीत एक गोष्ट सांगत. खरी किती, खोटी किती, देव जाणे. सांगत, की पहिला गोरा साहेब ह्याच वाटेनं वर चढला. त्याला तहान लागली आणि उंबरवाडीच्या एका म्हाताऱ्यानं त्याला वरचा झरा दाखवला. साहेब पाणी प्याला, वारा प्याला, खूश झाला. पुढल्या साली तो आपली माणसं घेऊन आला, मग बंगले आले, बंगल्यांमागून कुंपणं आली, आणि झरा कुंपणाच्या आत गेला. पाणी पाजल्याची ही बक्षिसी! बुधीला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती नवी नवरी होती. ऐकून म्हणाली, "म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नव्हता का?" सासू आठवडाभर तिच्याशी बोलली नाही.

पण म्हाताऱ्याचं ते पाणी सगळ्या वाडीला भोवलं, ते वेठीच्या रूपानं. वेठ म्हणजे फुकटचं ओझं. साहेबाचं सामान वर न्यायचं, खाली आणायचं. फॉरेस्टच्या अंमलदाराचा तंबू वाहायचा. ना मजुरी, ना भाकर. घरटी पाळी ठरलेली. भार आला की आबाजी मुकादम खालच्या वळणावर उभा राहून आरोळी ठोकायचा, "भार आलाय रंऽऽ!" आणि ज्या घराची पाळी त्या घराचा पुरुष हातातलं काम टाकून धावायचा. नांगर धरलेला असो की बाळंतीण घरात असो. आबाजी खालच्या गावचा. स्वतःची भातशेती, चिरेबंदी ओटा, आणि वर साहेबलोकांना माणसं पुरवायचा मान. कुणाची दळी ठेवायची, कुणाची काढायची, हे फॉरेस्टवाले त्यालाच विचारीत. आता असल्या माणसापुढं कोण तोंड उघडणार?

एवढ्या अन्यायात ठाकरांचा एकच नेम साहेबांनीही मोडला नव्हता. उंबरवाडीनं भार ओहळापर्यंत न्यायचा. ओहळाच्या काठी शेंदूर फासलेला एक धोंडा होता, शिवेचा वाघोबा. त्या धोंड्याला भार टेकवला की उंबरवाडी सुटली. पुढं पळसवाडीच्या माणसांनी उचलायचा. वर जाताना ह्याच्या उलट. आणि एकदा वाघोबाला टेकवलेला भार त्याच वाडीनं परत उचलायचा नाही. उचलला, तर वाघोबा माणूस मागतो. हा नेम देवाचा म्हणा, पण ज्या कुणा म्हाताऱ्यानं तो घातला तो भलताच शहाणा असणार. नाहीतर ह्या लोकांनी एकाच वाडीला थेट पनवेलपर्यंत पिटाळलं असतं.

बुधीचा नवरा पोशा. मोठा हसरा गडी. बुधी बोलायची, तो ऐकायचा, आणि तिचं संपलं की म्हणायचा, "झालं? आता भाकर दे." त्याच्या उजव्या खांद्यावर भाराच्या दांड्यानं घट्टा पडला होता, कवठाएवढा. बुधी त्याला करंजाचं तेल लावायची आणि लावता लावता आबाजीच्या सात पिढ्या काढायची. एक लेक होती, आवडी. पोशा तिला त्या खांद्यावर बसवायचा नाही, डाव्यावर बसवायचा. म्हणायचा, "ह्यो खांदा सायबाचा हाय, तो माज्या लेकीचा."

मग बेचाळीस साल आलं. मुंबईत 'चले जाव' झालं आणि इकडं डोंगरात पोलीस आले. रानात कुणी तारा तोडतं म्हणे, कुणी खांब पाडतं म्हणे. पोलिसांना तो कुणी सापडेना, म्हणून ज्याच्या हातात कोयता दिसेल त्याला धरून नेऊ लागले. ठाकराच्या हातात कोयता नाही तर काय पोथी असणार? पळसवाडीचे गडी घाबरून रानात जाऊन बसले.

नेमकं तेव्हाच माथेरानच्या एका बंगल्यातल्या मडमेनं धसका घेतला. गणपती उठले होते, पाऊस अजून उघडला नव्हता, डोंगरावरची छोटी गाडी पावसाळ्याची बंदच होती. तरी बाई हटून बसली, की आत्ताच उतरायचं आणि साहेबाचं खेळायचं टेबल बरोबर न्यायचं. त्या टेबलावर साहेबलोक काठीनं चेंडू ढकलीत. टेबलाच्या आत काळ्या दगडाची ही एवढी फरशी. साता समुद्रापलीकडून आणलेली, म्हणून जिवापाड जपलेली. सगळा डोंगर काळ्या दगडाचा, आणि त्या डोंगरावरून दगड उतरवायला माणसं धरायची! बुधी म्हणाली, "डोंगरभर दगूड पडलाय, आनि ह्यांना ह्योच दगूड न्यायचाय? टाका म्हनावं दरीत, खाली दुसरा गावंल." पण बोलून काय होणार? पोशाची पाळी होती.

फरशी दांड्यांना बांधून गडी निघाले. बुधी भाकर घेऊन मागोमाग. वाटेवर शेवाळ, पाय ठरेना. कसेबसे ओहळापर्यंत आले, धोंड्याला फरशी टेकवली, आणि बघतात तर पलीकडं कुणीच नाही. पळसवाडीचा कारभारी धोंडी आणि त्याचे गडी, सगळे रानात दडलेले. आबाजीनं आरोळ्या दिल्या, शिव्या दिल्या. ओहळापलीकडून कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"उचला रं," आबाजी उंबरवाडीच्या गड्यांना म्हणाला. "खाली सायबाची मोटार हुबी हाय."

"मुकादम, टेकवलाय," पोशा म्हणाला. तो हसतच म्हणाला, कारण त्याला वाटलं, मुकादमाच्या ध्यानात आलं नसेल.

"देवाचं मी बघतो. तू भाराचं बघ."

"टेकवलेला नाय उचलायचा, मुकादम. तुमाला ठाव हाय."

आबाजीनं हातातली काठी त्याच्या पोटरीवर हाणली. मग दुसऱ्याच्या. तिसऱ्याच्या. मग पुन्हा पोशाच्या. पोशानं एकदा बुधीकडं बघितलं आणि दांड्याखाली खांदा घातला. तो वाकला तसे बाकीचेही वाकले. ओहळ ओलांडून पहिल्याच वळणावर त्याचा पाय गेला, दांडा सुटला आणि फरशी त्याच्या छातीवर आली. बुधी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

फरशीला ओरखडासुद्धा आला नाही. तीच फरशी पुढं दुसऱ्यांच्या खांद्यावर चौकला गेली आणि मोटारीत बसून मुंबईला गेली. पोशाला वाडीनं झोळीत घालून वर आणलं.

इथवर झालं ते तरी एक वेळ दैव म्हणून गिळलं असतं. पण आबाजीनं काय करावं? बाराव्याला वाडीत येऊन, ओट्यावर टेकून, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "काय करता! शिवेचा नेम मोडला त्यानं. टेकवलेला भार उचलला. वाघोबानं मानूस मागितला." आणि वाडीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या हो! भीतीनं डोलावल्या, की त्यांना खरंच तसं वाटत होतं, कोण जाणे.

बुधी आतून बाहेर आली. तिच्या अंगावरचं लुगडं दोन दिवसांचं ओलं होतं. "वाघोबाच्या हातात काठी कंदी बघितली का रं तुमी?" तिनं म्हाताऱ्यांना विचारलं. आबाजी उठला, धोतर झटकलं आणि जाताना म्हणाला, "घराची पाळी सुटत नाय बरं. मानूस नसंल तर दळी फॉरेस्टात जमा करावी लागंल."

"मानूस हाय," बुधी म्हणाली. "मी येते."

आणि ती खरंच जाऊ लागली. बायका गवत वाहत, लाकूड वाहत, पण वेठीच्या दांड्याला बाई कुणी बघितली नव्हती. पहिल्या दिवशी गडी माणसं लाजून खाली बघत चालली. ती मात्र ताठ. गोणपाटाची घडी खांद्यावर, पदर खोचलेला, आणि तोंड सुरू. तंबू वाहायचा तर तंबूवाल्याचा उद्धार, पेटारा वाहायचा तर पेटाऱ्याचा. ऐकणाऱ्याला हसू यावं असं बोलायची, पण तिला स्वतःला कधी हसताना कुणी पाहिलं नाही. दर खेपेला भार धोंड्याला टेकवायची, शेंदराला हात लावायची, आणि पलीकडं उभ्या असलेल्या धोंडीकडं बघून थुंकायची. धोंडीनं कधी तिला उलट शब्द दिला नाही. तो आला नाही म्हणून पोशाला पुन्हा खांदा द्यावा लागला, हे त्यालाही माहीत होतं. तो जिवाच्या भीतीनं पळाला होता, हे तिलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि माफ करणं वेगळं.

वर्षं गेली. बुधीच्या उजव्या खांद्यावर पोशासारखाच घट्टा आला. गुडघाही गेला, उतरताना पाय वाकडा पडायचा. म्हण आहेच ना, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. बुधीला त्या शिंगराचंच भ्या होतं. आवडी आता थोराड झाली होती, अंगानं बापासारखी. आबाजीची नजर तिच्या खांद्यावर गेली होती. एकदा तो सरळच म्हणाला, "तुज्यामागं पोर हाय की. हाडापेरानं चांगली हाय." त्या दिवसापासून बुधीनं मनाशी एकच धरलं: माझं काय व्हायचं ते होवो, आवडीच्या खांद्याला वेठीचा दांडा लागू द्यायचा नाही. जावई मिळेपर्यंत, पोर दुसऱ्या वाडीत जाईपर्यंत, आपण मोडायचं नाही.

सत्तेचाळीस उजाडलं. साहेब चालले, साहेब चालले, अशी हवा झाली. वरचे बंगले एकेक करून विकले जाऊ लागले. आणि आयत्या बिळावर नागोबा यावा तसे आबाजी मुकादम एक दिवस डोक्यावर पांढरी टोपी घालून वाडीत आले! ज्या माणसानं जन्मभर साहेबाची टोपी झटकून खुंटीला लावली, त्याला आता स्वराज्य समितीचा पुढारी केला होता. अहो, ज्यांनी खरंच मार खाल्ला ते कुठं तुरुंगात झिजले, कुठं रानात मेले. आणि टोपी मिळाली कुणाला?

"पंधरा तारखेला स्वराज्य हाय," आबाजीनं सगळ्यांना जमवून सांगितलं. "चौकला झेंडा लागनार. मामलेदार येनार. आता आपलंच राज्य."

"म्हंजी वेठ गेली?" बुधीनं विचारलं.

लोकांनी एकदम आबाजीकडं बघितलं. सगळ्यांच्याच मनात होतं ते, विचारलं एकटीनं.

आबाजी हसला. "अगं, राज्य बदललं म्हंजी कामं का बदलत्यात? झेंड्याला काठी लागंल. वरच्या रानात एक सरळसोट साग हेरलाय, फॉरेस्टनं परवानगी दिलीय. आदल्या दिशी तुमी तो तोडून शिवेपतुर आनायचा, म्होरं पळसवाडी नेईल. आणि बुधे, तू आता लंगडी झालीस. तुज्या घरची पाळी पोरीनं करायची. उद्या पोरीला धाड."

"मजुरी काय?" एक म्हातारा घाबरत म्हणाला.

"मजुरी! झेंड्याच्या काठीची मजुरी मागतोस? लाज नाय वाटत? ही वेठ नव्हं रं, देशसेवा हाय."

साहेबानं वेठ घेतली तेव्हा निदान तिला वेठच म्हणत होता. ह्यानं तर नावच बदललं. बुधीनं मान खाली घातली आणि इतक्या नरमाईनं म्हणाली, की आवडीनं चमकून आईकडं बघितलं, "माज्या घरची पाळी चुकायची नाय, मुकादम."

चौदा तारखेला सकाळपासून पावसाची झड होती. गड्यांनी साग तोडला, साल सोलली. लांबच लांब, गुळगुळीत, ओला सोट. दांड्याला लागायला आवडी नव्हे, बुधीच आली. पायाला चिंधी आवळून बांधली होती. आबाजी छत्री घेऊन पुढं, त्याच्याबरोबर खालच्या गावचे दोन टोपीवाले. बुधीला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोर कुठाय?"

"ताप आलाय."

"बुधे, लबाडी नको."

"मी हाय ना? का देशसेवेला म्हातारी चालत नाय?"

मागचे गडी फस्सकन हसले. आबाजीनं छत्री हलवली आणि निघाले. उतार घसरडा, गुडघा दर पावलाला कळ मारत होता. आज मात्र बुधी एक शब्द बोलली नाही, आणि त्यामुळंच मागच्या गड्यांना काहीतरी वेगळं वाटू लागलं. ओहळापलीकडं ते वळण दिसू लागलं, जिथं तिचा पोशा गेला होता. तिनं तिकडं बघितलं नाही. तिचं सगळं लक्ष पुढं, ओहळाकडं होतं.

ओहळ फुगला होता. पलीकडं धोंडी आणि त्याचे गडी उभे होते, डोक्यावर इरली घेऊन. आज वेळेवर आले होते. आबाजीनंच त्यांना सकाळी दम भरला होता.

उंबरवाडीच्या गड्यांनी सागाचं टोक वाघोबाला टेकवलं. बुधीनं शेंदराला हात लावला. मग ती वळली, आणि थुंकली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा ती धोंडीशी बोलली.

"धोंडी, त्या दिशी तू आला नव्हतास."

त्याचं तोंड पावसानं ओलं होतं, की आणखी कशानं, ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

"आज बी येऊ नको," बुधी म्हणाली.

आबाजीला आधी कळलंच नाही काय झालं. मग तो ओरडला, "धोंड्या! बघतोस काय? ये अलीकडं, उचल!" धोंडीचे गडी धोंडीकडं बघू लागले. "दळी काढून घेईन एकूनएकाची! सायबापेक्षा वाईट दिवस दावीन, सांगून ठेवतो!"

धोंडी भित्रा, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तो आत्ता पाण्यात पाय घालेल, लाकूड उचलेल, उद्या झेंडा लागेल आणि परवा मुकादम वळणावर उभा राहून आवडीच्या नावानं आरोळी देईल. जन्मभर. तिनं धोंडीच्या पायांकडं बघितलं. नुसतं बघत राहिली.

धोंडी दोन पावलं पुढं आला. पाण्याच्या कडेशी थांबला. मग त्यानं डोक्यावरचं इरलं काढलं, खाली ठेवलं आणि त्या भर पावसात एका दगडावर बसला. एकेक करून त्याचे गडीही बसले.

आबाजी उंबरवाडीकडं वळला. "तुमी उचला! चला!"

"टेकवलाय, मुकादम," एक गडी म्हणाला.

"मग काय झालं?"

"वाघोबा मानूस मागतो," दुसरा म्हणाला. "तुमीच सांगितलं व्हतं. पोशाच्या बाराव्याला."

आता ह्याच्यावर काय बोलणार? स्वतःच्या हातानं पेरलेलं स्वतःच्याच पायात मोडलं. आबाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. सरसरत तो बुधीकडं आला आणि मिटलेली छत्री त्यानं तिच्यावर उगारली. "तूच! तुजंच हे सगळं! उद्या सकाळी मामलेदार येनार, झेंडा कशाला लावू, तुज्या नवऱ्याच्या हाडाला?"

बुधी हलली नाही. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून मुकादमाला 'तुमी' निघालं नाही.

"मार," ती म्हणाली. "त्या दिशी काठी व्हती, आज छत्री हाय. येवढाच फरक पडला का रं आबाजी तुज्या सवराज्यात?"

'रं आबाजी!' टोपीवाल्या दोघांनी एकमेकांकडं बघितलं. छत्री वरच राहिली.

"ही वेठ नाय म्हनतोस ना? देशाचं काम हाय म्हनतोस? मंग देश तुजा बी हाय. लाव खांदा. तू काय कुठली वाडी न्हाईस. तू उचललंस तर वाघोबा तुला काय बी करनार नाय. तू पुढं लाग, पळसवाडी मागं लागंल. पर हाक मारून नाय. पाळी सांगून नाय. पुढं खांदा लावून."

"मी?" आबाजी म्हणाला. खरंच त्याला अर्थ लागला नाही. त्याच्या सात पिढ्यांत कुणी भाराला खांदा लावला नव्हता.

पलीकडून धोंडीनं आवाज दिला, पाच वर्षांचा दाबून ठेवलेला. "मुकादम खांदा लावत असतील तर पळसवाडी येती! नसतील तर लाकूड हितंच कुजू द्या!"

पाऊस वाढला. टोपीवाल्यांतला एक हळूच म्हणाला, "आबाजी, वेळ जातोय. मामलेदार..." आबाजीनं त्याला खाऊ की गिळू असं बघितलं. मग छत्री त्याच्या हातात कोंबली, सागाजवळ गेला, आणि वाकला. कसं उचलायचं ते त्याला येईना. लाकूड मानेवर घेऊ लागला. गडी बघत होते, कुणी हसलं नाही. हसण्याच्या पलीकडचं होतं ते.

बुधीनं आपल्या खांद्यावरची गोणपाटाची घडी काढली आणि त्याच्या अंगावर फेकली. "हे घे. नायतर सोलून निघशील."

त्यानं ती घडी घेतली. घ्यावीच लागली.

पुढं आबाजी आणि त्याचे दोघे टोपीवाले, मागं धोंडीचे गडी, असा तो भार ओहळ ओलांडून गेला. उंबरवाडी काठावर उभी राहून बघत होती. पोशाच्या वळणावर आबाजीचा पाय सरकला, तेव्हा बुधी एक पाऊल पुढं सरकली. पडला असता तर तिला बरं वाटलं असतं की वाईट, ते तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. मागून धोंडीनं लाकूड पेललं आणि आबाजी सावरला.

दुसऱ्या दिवशी चौकला झेंडा लागला. वाजंत्री, पेढे, भाषणं, सगळं साग्रसंगीत. आबाजीला झेंड्याची दोरी ओढायचा मान होता, पण उजवा खांदा असा सुजला होता की हात वर जाईना. त्यानं डाव्या हातानं ओढली. मामलेदारानं मोठ्या कौतुकानं विचारलं म्हणे, "काय, बेचाळीसमध्ये लाठी लागली वाटतं?" आबाजी काय म्हणाला, ते सांगणारा सांगत नाही. आपण समजून घ्यावं.

असल्या माणसाचा सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दिवाळी झाली आणि बुधीची दळी फॉरेस्टात जमा झाली. तक्रार कुणाकडं करायची? जो तो टोपीवालाच. नाचणी गेली, पोटाचे हाल झाले, बुधी चौकच्या रस्त्यावर मोळ्या विकून जगली. मोळी खाली ठेवली की आबाजीच्या ओट्याकडं तोंड करून उभी राहायची आणि मोठ्यानं त्याच्या खांद्याची विचारपूस करायची. तो दार लावून घ्यायचा. पण एक खरं, त्या वळणावरून आरोळी पुन्हा आली नाही. आबाजीला माहीत होतं, आता हाक मारली तर पलीकडून काय उत्तर येईल.

पुढच्या उन्हाळ्यात आवडीचं लग्न ठरलं, पळसवाडीत, धोंडीच्या भावकीत. बुधीनं आधी नाक मुरडलं, मग धोंडीला बोलावून दोन तास घालून पाडून बोलली, आणि मग हो म्हणाली. हळदीच्या दिवशी बायका गाणी म्हणत होत्या. बुधीनं हळदीचा हात लेकीच्या तोंडाला लावला, हातांना लावला, आणि मग उजव्या खांद्यावरून फिरवला. तो खांदा मऊ होता. कुठं गाठ नाही, कुठं घट्टा नाही. तिचा हात तिथंच थांबला.

पोशा गेला तेव्हाही जी बाई लोकांदेखत रडली नव्हती, ती लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडू लागली. गाणी थांबली. बायका एकमेकींना म्हणाल्या, बघा, एवढी खाष्ट, पण लेक निघाली तशी फुटली. म्हणू देत. त्यांना काय ठाऊक?